पाडव्याला भरणारा वर्ग

पाटोदा,
27 एप्रिल 2025

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

पेपर झाले की पोरं शाळेत टिकवायची कशी, हे तू मला विचारतोस? अरे, तुझ्याकडे एप्रिलमध्ये वर्ग रिकामा होतो, आमच्याकडे तो तेव्हाच भरतो! दसरा-दिवाळीला इथल्या टोळ्या तुमच्या कोल्हापूर-सांगलीकडे ऊसतोडीला उतरतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की माघारी येतात. यंदा ऊसच कमी, कारखाने लवकर बंद झाले, त्यामुळे पाडव्याच्या आधीच बरीच बिऱ्हाडं गावात आली. हंगामी वसतिगृहामुळे काही पोरं आजी-आजोबांजवळ राहतात, पण धाकटं भावंड सांभाळायला कुणीतरी लागतं म्हणून सोबत नेलेलीही काही कमी नसतात. सत्राचे शेवटचे आठवडे ही त्यांची खरी शाळा.

यंदा पहिली ते नववीचं वेळापत्रक राज्यभर एकच होतं, 8 ते 25 एप्रिल. शाळा परीक्षा लवकर उरकतात आणि मग पोरं फिरकत नाहीत, म्हणून तारखा लांबवल्या. हेतू चांगलाच आहे. पण तारीख लांबवून पोरगं बाकावर येतं, त्याचं मन येईलच असं नाही. सकाळची शाळा, दहा वाजता छताचे पत्रे तापायला लागतात, आणि आपण मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका फळ्यावर उतरवतोय. रंगभरण, गाण्याच्या भेंड्या, मोबाईलवरचे व्हिडिओ हे सगळं एक-दोन दिवस चालतं. मग पोरांना कळतं की गुरुजी वेळ काढतायत, आणि ते कळलं की संपलं.

मला यंदा गवसलं ते कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावतीत. सातवीतला एकजण फडावरून, म्हणजे ऊसतोडीवरून आलेला. वाचताना अडखळतो, म्हणून मागच्या भिंतीला टेकून बसायचा. एक दिवस वडिलांच्या पिशवीतली पावती घेऊन आला. भरलेल्या गाडीचं वजन 18 टन 450 किलो, रिकामीचं 6 टन 780. मी आकडे फळ्यावर लिहिले. बाकीचे हातचे घेत बसले, याने तोंडी सांगितलं, ‘आकरा टन सहाशे सत्तर.’ मग मी म्हटलं, आता तोडणीचे पैसे काढा. टनाचा दर 366 हेही त्यालाच ठाऊक. 4,271 रुपये 22 पैसे. यात किती जणांचे किती दिवस, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल किती फिटली, हे प्रश्न मी घातलेच नाहीत, पोरांनीच काढले. दुसऱ्या दिवशी आणखी पावत्या आल्या, चुरगळलेल्या, काळ्या डागांच्या.

शेकडेवारीही तशीच झाली. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली ना, 273 वरून. वर्गाने गुणाकार केला तर उत्तर आलं 365.82. मागून आवाज आला, ‘गुर्जी, वरचे अठरा पैशे कुणाचे?’ हसून हसून पुरेवाट! पण मग पूर्णांकात का करतात, हजार टनाला त्या अठरा पैशांचे किती होतात, यावर एक अख्खा तास गेला. (एकशे ऐंशी रुपये. पोरींनी आधी काढलं.) आणि ‘अर्धा कोयता’ म्हणजे एकटा माणूस, जोडपं म्हणजे पूर्ण कोयता. साडेसात कोयत्यांची टोळी म्हणजे किती माणसं, हे पाचवीलाही येतं. अपूर्णांक शिकवायला मी उगाच भाकरीचे तुकडे काढत होतो.

यात गावात राहिलेल्यांचं काय, असं तू विचारशीलच. तीच तर मला खरी अडचण वाटत होती. त्यांना सगळं येतं, म्हणून ती कंटाळतात, आणि परत आलेल्यांना वाचता येत नाही म्हणून चिडवतात. आता जोड्या लावल्यात. फडावरचं पोरगं सांगतं, गावातलं लिहून काढतं, मग तेच लिखाण सांगणाऱ्याने वाचायचं. स्वतःचंच बोलणं असल्यामुळे ते अडखळत का होईना, पुढे सरकतं. एकीने लिहून घेतलेलं बघ: ‘पहाटे थंडी असती. पाचट पेटवून हात शेकायचे. आई म्हणती लांब बस. वाढे बांधताना बोटं कापतेत.’ (वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे.) भाषा मी सुधारली नाही. पाठ्यपुस्तकातला उतारा टाळणारी ती मुलगी हा कागद वर्गभर वाचून दाखवत हिंडते.

नकाशाचंही झालं, पण ते थोडक्यात सांगतो. भिंतीवरच्या महाराष्ट्रावर दोरे लावले, पाटोद्यापासून जो तो आपल्या कारखान्यापर्यंत. निम्मे दोरे तुझ्या बाजूला गेले. दोघांचे तर नकाशाबाहेर, बेळगावकडे. ती दोघं आता सगळ्यांना कानडीत आकडे शिकवतायत.

काळजी पाचवी-आठवीची. आता तिथे वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुरवणी, तीही जमली नाही तर त्याच वर्गात. पाच महिने फडावर काढलेल्या पोराने हे कुठून पार पाडायचं? मे महिन्यात त्यांना सकाळचा तासभर बोलवायचं ठरवलंय. येतील असं वाटतं, पण जत्रा आणि लग्नसराईपुढे आपलं काही चालत नाही. शाळापूर्व तयारीच्या मेळाव्याचे टेबलही याच मोठ्या पोरांकडे दिले होते. पहिलीत येणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांना मणी ओवायला लावताना ती भलतीच गुरुजी झाली होती. निकालपत्रकं, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, आधारची दुरुस्ती हे सगळं चालूच आहे, त्याचं रडगाणं तुझ्यापुढे काय गायचं.

आता तुझ्याकडे एक काम. ऑक्टोबरात कोणती टोळी कुठल्या कारखान्याला जाणार हे मुकादमांकडून मला साधारण कळतं. तुझ्या शिरोळच्या बाजूला येणाऱ्या पोरांची नावं, इयत्ता आणि कोण कुठपर्यंत वाचतं हे मी तुला लिहून पाठवीन. प्रत्येकाजवळ एक वही देईन. तू रविवारी एकदा त्यांच्या कोपींवर, झोपड्यांवर चक्कर मार, वही बघ, पुढचं काहीतरी लिहून दे. जवळच्या शाळेत बसवता आलं तर फारच उत्तम, तिथल्या मुख्याध्यापकांशी तू बोललास तर ते माझ्या दहा पत्रांपेक्षा बरं. दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून असलेलं शिक्षण हमी कार्ड मी भरून देतोच, पण ते पेटीच्या तळाशी जातं हे तुलाही माहीत आहे. जमेल का, ते मे संपायच्या आत कळव, म्हणजे मला पालकांना सांगता येईल.

वहिनींना नमस्कार, चिमुरडीला आशीर्वाद. सुट्टीत अंबाजोगाईला येणार असशील तर एक दिवस इकडे काढून ये.

तुझा,
बाळू