पायाळू

चि. सौ. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद.

तू पायाळू. कुणाच्या कमरेत लचक भरली की अर्धी गल्ली आपल्या दारात, आणि चार वर्षांची तू ऐटीत लाथ मारायचीस. ही गोष्ट मी शंभरदा हसत सांगितली, पण नेहमी अर्धीच.

१९९४ साल. तुम्ही जुळी. आधी तुझा भाऊ प्रसाद डोक्याकडून सरळ आला. पोटात एकदम ऐसपैस जागा झाली आणि तू आडवी झालीस. दुसऱ्या बाळाची भीती हीच असते, कधी नाळ आधी खाली घसरते, कधी वार आधी सुटते. डॉक्टरबाईंनी आत हात घालून तुझे पाय धरले. बावीस मिनिटं लागली. तू रडलीस तेव्हा सगळ्यांनी हुश्श केलं. पण दोघांना सांभाळून ताणलेली गर्भपिशवी आकसेचना. रक्त जातच राहिलं. त्या छोट्या दवाखान्यात रक्ताची एक बाटली नव्हती. तुझे बाबा पहाटे लुनावरून आणायला पळाले.

म्हणून म्हणते, पहिलं बाळंतपण असलं तरी माहेरी येऊ नकोस. कोल्हापुरात सोय नाही असं नाही गं. पण तुझ्या पोटातल्या दोघांना वार एकच. अशा जुळ्यांत शंभरात १०-१५ वेळा एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त वळतं, म्हणून तर दर पंधरवड्याला सोनोग्राफी. ती पहिल्यापासून बघणारे डॉक्टर सोडून आठव्या महिन्यात पुण्याहून हाडं खिळखिळी करत कशाला यायचं? निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आतच येतात. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारलं, तर लगेच बीपी तपास. जुळ्यांत ते जास्त चढतं.

सासूबाई म्हणतात, जुळं माहेरून आलं. म्हणू देत. प्रसाद आणि तू वेगळ्या बीजांचे, तशी जुळी आईकडच्या घराण्यात चालतात. तुझ्या दोघांना वार एकच, म्हणजे ती एका बीजाची, आणि तशी सहसा कुणाकडून येत नाहीत.

आता मीच येते, अंबाबाईची ओटी भरून. डोहाळजेवण तिथंच करू, झोपाळा नसला तरी चालेल. झबली-टोपडी दोन-दोन शिवून झालीत. तू दवाखान्यात एवढं विचारून ठेव: काचेच्या पेट्या दोन मोकळ्या मिळतील का, आणि रात्री दोनला रक्त लागलं तर कुठून येतं.

तुझी,
आई