जोत्यातली ओल रंगाने कशी जाणार?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील घरातील ओल व बुरशीवरचा लेख आमच्याकडे सोमवारी पोहोचला आणि तेव्हाच वाचला. खिडक्या दोन वेळा उघडाव्यात, कपडे घरात वाळत घालू नयेत, बुरशीरोधक रंग द्यावा आणि तरीही न भागल्यास हवेतील ओलावा शोषणारे यंत्र आणावे, हा सल्ला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी उत्तमच आहे. जमिनीला टेकून राहणाऱ्या आमच्यासारख्यांची ओल मात्र पायाखालून येते आणि त्याविषयी त्या अख्ख्या पानात एक ओळही नाही.

माझे घर सरकारी घरकुल योजनेतले आहे. 1 लाख 20 हजार रुपयांत 25 चौरस मीटरचे घर उभे करताना कुठे काटकसर होते, हे खेड्यातल्या कोणालाही ठाऊक आहे. जोत्यावर वॉटरप्रूफ पावडर मिसळलेल्या काँक्रीटचा दीड-दोन इंचाचा थर टाकायचा असतो, म्हणजे जमिनीतले पाणी विटांतून वर चढत नाही. गवंडी म्हणाला, "राहू द्या, भिंत काही पाणी पीत नाही," आणि पैसे वाचत असल्याने मीही मान डोलावली. जोत्याचा फोटो काढायला आलेल्या गृहस्थांनी फोटो काढला. फोटोत उंची दिसते, थर नसलेला दिसत नाही. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीने कमरेइतके पाणी पिऊन दाखवले. खाली पांढरा लोणा, वर पोपडे आणि घरभर कुबट वास. आपल्या लेखात सुचवला आहे तसा रंग मी दुसऱ्या वर्षी देऊन पाहिला. आतून वाट बंद झाल्यावर ओल त्याच्याही वर चढली.

खरे नुकसान पुढे झाले. आमच्याकडे कापूस घरातच ठेवतात, हे संपादक महोदयांना सांगायला नको. त्या वर्षी दिवाळीनंतर वेचलेला कापूस भाव चढेल या आशेने मी मागच्या खोलीत त्याच भिंतीला लागून छतापर्यंत भरला. (खिडकी कापसाच्या मागे गेली होती, दोन वेळा उघडण्याचा प्रश्नच नव्हता.) संक्रांतीनंतर गाडी भरायला काढला, तर भिंतीकडचा थर पिवळट पडून त्यावर काळे ठिपके आलेले. तो बाजूला काढला आणि उरलेला सरकारी खरेदी केंद्रावर नेला. तिथल्या माणसाने यंत्राची सळई खुपसली आणि 13 टक्के ओलावा सांगितला. 8 टक्क्यांच्या वर गेले की भाव कापतात आणि 12 च्या वर माल घेतच नाहीत, हा नियम मला मान्य आहे. दिवसभर रांगेत उभे राहून गाडी तशीच वळवली आणि खाजगी व्यापाऱ्याने म्हटला त्या भावात माल दिला. माझ्या कापसातला एक टक्का जास्तीचा ओलावा मोजायला सरकारकडे यंत्र आहे. ज्या भिंतीने तो दिला, ती मोजायला आजवर कोणी आले नाही.

वडिलांचे मातीचे घर कोरडे होते असा माझा दावा नाही. कवेलू दर उन्हाळ्यात फेरावे लागत आणि तरीही एखादी धार लागेच. पण चुलीचा धूर आणि भाताची वाफ त्याच कवेलूंच्या फटींतून निघून जात असे. आता ती स्लॅबला आपटून कोपऱ्यात थेंब होऊन बसते. त्यातच मृग लागल्यावर हवा दमट झाली तरी कुलर बंद करायला कोणी तयार नसते, मग तो गारवा देण्याऐवजी खोलीत नुसते पाणी उडवतो. ओल कमरेखाली असेल तर ती जमिनीची, छताच्या कडेला असेल तर गळतीची आणि कपाटामागे काळे ठिपके असतील तर बहुधा वाफेची, एवढे तीन भेद जरी लेखात आले असते तरी वाचकाचे रंगाचे पैसे वाचले असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतही भर आहे तो ओल मुळात टिकू न देण्यावर.

तेव्हा विनंती अशी की, हा विषय आपण पुन्हा घ्यावा, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा गावोगावी जोती भरली जात असतात. काळ्या मातीत पाया कसा घ्यावा, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून जोत्यालाही तडा देते, हे एखाद्या अनुभवी अभियंत्याकडून लिहून घ्यावे.

जाता जाता आणखी एक. आमच्या गावी आपला अंक सकाळच्या एसटीने येतो आणि पावसाळ्यात गठ्ठ्यावर प्लॅस्टिकही नसते. घर कोरडे कसे ठेवावे हा लेख मला चुलीजवळ वाळवून वाचावा लागला आणि यंत्राची किंमत छापलेला कोपरा तर फाटूनच गेला. निदान जुलै ते सप्टेंबर गठ्ठा झाकून पाठवण्याची व्यवस्था व्हावी.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक
जि. यवतमाळ