फरशी बसवताना दोन मिलिमीटरची कंजुषी नको

महोदय,

एका खोलीच्या कामाला मिस्त्री लवकर मिळत नाही, म्हणून जुन्या मोझॅकवर व्हिट्रिफाइड फरशी स्वतःच बसवायला हल्ली बरेच जण धजावतात. काम घरी जमण्यासारखे आहे. पण ऐकीव सल्ल्यात दोन चुका नेहमी आढळतात आणि दोन्ही उशिरा कळतात.

पहिली चूक हिशेबाची. दहा बाय दहाची खोली म्हणजे शंभर चौरस फूट, चार फरशांच्या खोक्यात साडेपंधरा चौरस फूट, म्हणजे सात खोकी पुरे, असे सांगितले जाते. ज्या फरशीला आपण ‘दोन बाय दोन’ म्हणतो ती प्रत्यक्षात ६० सेंटीमीटरची असते. दहा फूट म्हणजे जवळपास ३०५ सेंटीमीटर. दारापासून ओळीने पाच फरशा लावत गेलात, तर समोरच्या भिंतीशी जेमतेम तीन सेंटीमीटरची चिंधी उरते. इतकी बारीक पट्टी कापतानाच मोडते आणि भिंत गुण्यात (काटकोनात) नसेल तर एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद होऊन कायम डोळ्यांत खुपते.

हे टाळण्यासाठी खोलीच्या मध्यावर दोन दोऱ्या काटकोनात माराव्यात. काटकोन ३, ४ आणि ५ फुटांच्या मापाने तपासावा: एका दोरीवर ३ आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण केली, तर खुणांमधले तिरके अंतर ५ फूट यावे. मग मधे दोन्ही दिशांना चार-चार अख्ख्या फरशा आणि चारही कडांना सुमारे ३१ सेंटीमीटरचे तुकडे अशी कोरडी मांडणी करून पाहावी. गोम इथेच आहे. ३१ सेंटीमीटरचे दोन तुकडे एका फरशीतून निघत नाहीत. म्हणजे १६ अख्ख्या आणि कडेच्या २०, अशा ३६ फरशा लागतात. सात खोक्यांत असतात २८. हीच खोली दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच लहान असती तर कडेचे तुकडे २४ सेंटीमीटरच्या आत आले असते आणि २५ फरशांत भागले असते. म्हणून माप कागदावर आखल्याशिवाय खरेदी करू नये. वर एक खोके तुटफुटीसाठी घ्यावे आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच व शेड क्रमांक एकच आहे हे दुकानातच पाहावे.

दुसरी चूक जास्त महाग पडते. सांधा दिसू नये म्हणून फरशीला फरशी भिडवतात. स्लॅब वर्षानुवर्षे किंचित आकसत राहतो, फरशी तापून प्रसरण पावते आणि मधे जागाच नसल्याने फरशा एकमेकींना रेटतात. जिथे पकड कच्ची, तिथे शेजारच्या दोन फरशा छपरासारख्या उभ्या राहतात. कधी कधी असा आवाज होतो की घरातले लोक भूकंप समजून बाहेर पळतात. यावर उपाय काही रुपयांचा आहे: फरशांमध्ये २ मिलिमीटरचे स्पेसर (सांध्यात ठेवायचे प्लास्टिकचे तुकडे) आणि भिंतीलगत चहूकडे ५ मिलिमीटरची मोकळी फट. ही फट सिमेंटने किंवा ग्राउटने (सांधे भरायच्या मिश्रणाने) भरू नये. स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीखाली) ती आपोआप झाकली जाते.

पकड कच्ची राहते ती मालापायी, म्हणजे फरशी चिकटवायच्या मिश्रणापायी. व्हिट्रिफाइड फरशी पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे ती भिजत घालण्यात अर्थ नाही आणि नुसत्या सिमेंटवर तिचा भरवसा धरता येत नाही. जुन्या फरशीवर चालेल असे पिशवीवर स्पष्ट लिहिलेले ॲडहेसिव्हच घ्यावे. शंभर चौरस फुटांना २० किलोच्या तीन पिशव्या धराव्यात. जुनी मोझॅक नाण्याने ठोकून पाहावी. पोकळ वाजणारा भाग काढून भरावा, बाकीचे पॉलिश ग्राइंडरने खरवडून धूळ पुसावी. नव्या फरशीच्या पाठीवर पांढरी भुकटी असते, ती ओल्या फडक्याने पुसली नाही तर ॲडहेसिव्ह त्या भुकटीला चिकटते, फरशीला नाही.

चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून फरशी दाबणे ही सर्रास दिसणारी पद्धत घातक आहे. गोळ्यांमधली जागा पोकळ राहते आणि कपाटाच्या पायाखाली फरशी तडकते. दातेरी थापीने एकाच दिशेला रेघा ओढाव्यात, म्हणजे दाबल्यावर हवा निघून जाते. फरशीच्या पाठीवरही पातळ हात फिरवावा. तिसरी-चौथी फरशी बसवल्यावर एक लगेच उचलून पाहा: पाठ पूर्ण भरलेली दिसली पाहिजे. एका वेळी दहा चौरस फुटांपुरताच माल पसरावा आणि पंखा बंद ठेवावा. उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटांत वर साय धरते. बोटाला माल चिकटेनासा झाला तर तो खरवडून टाकावा, त्यावर पाणी शिंपडून चालत नाही.

ग्राउट चोवीस तासांनी भरावे. नवी फरशी जुन्यावर साधारण दीड सेंटीमीटर चढते, तेव्हा दारांची फळी खालून किती तासावी लागेल हे आधीच मोजावे. कापताना चष्मा आणि चांगला मास्क हवाच. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

बाथरूम मात्र स्वतः करू नये. तिथे फुटामागे एक सूत (इंचाचा आठवा भाग) ढाळ आणि फरशीखालचे वॉटरप्रूफिंग दोन्ही अचूक लागते, आणि चुकले तर खालच्या घराचे छत गळते.

– फरशीकामाचा एक पर्यवेक्षक, नाशिक