नऊ कण्या

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय भावा,

परवा फोनवर तू पोराच्या दाताचं विचारलंस आणि मी बिंदू चौकाच्या गोंगाटात काहीबाही तुटक बोललो. आता सगळे झोपलेत, तेव्हा नीट लिहितो.

थोरल्याचा वरचा पुढचा डावा दात सातव्या वर्षीच आला. उजव्याचा मात्र नववं लागलं तरी पत्ता नाही, आणि तिथला दुधाचा दात हलायचं नाव घेईना. आई म्हणायची, "येतोय की, कसली घाई!" मलाही ते सोयीचंच होतं. एका डॉक्टरांनीही नुसतं तोंडात डोकावून "वाट बघा" म्हटलं. जोडीचा दात येऊन सहा महिने झाले, तरी दुसरा दिसत नसेल तर एक्स-रे काढायचा असतो, हे मला दीड वर्ष घालवल्यावर कळलं. स्वतःचाच राग आला मर्दा.

एक्स-रेत हाडामध्ये तांदळाच्या कण्या सांडल्यासारखं दिसत होतं आणि त्यांच्या वर खरा दात अडकलेला. ओडोन्टोमा म्हणतात. 'गाठ' म्हटल्यावर हिनं माझा दंड धरला तो सोडेचना. पण ती कॅन्सरची नव्हे. दात घडवणाऱ्या पेशीच वाट चुकतात आणि एका दाताच्या वाटेवर बारीक बारीक दात घडवत बसतात. चेन्नईत 2019 मध्ये सात वर्षांच्या एका मुलाच्या जबड्यातून असे 526 निघाले होते. आमचे नऊ.

पूर्ण भूल दिली. हिरडी उचलली, वरचं पातळ हाड कोरलं, दुधाचा दात काढला आणि एकेक कणी वेचली. खऱ्या दाताला हात लावला नाही. कण्या बाटलीत घालून तपासणीला गेल्या, तर शुद्धीवर आल्यावर साहेबांचं भांडण सुरू: "माझे दात मला तुळशीत पुरायचे होते!" आठवडाभर तांबडा रस्सा बंद, आइस्क्रीम चालू. तक्रार नव्हती.

रिपोर्ट चांगला आला. अशी गाठ सहसा परत होत नाही. दाताचं मूळ अजून पुरतं बनलेलं नाही, त्यामुळे तो आपणहून उतरेल अशी आशा आहे. काही महिन्यांत नाहीच हलला, तर हिरडी उघडून दाताला ब्रॅकेट चिकटवायचं आणि बारीक साखळीनं हळूहळू खाली ओढायचं. रोज सकाळी आई बॅटरी घेऊन त्याच्या तोंडात बघते.

तुझी धाकटी आठ पूर्ण झाली ना? तिला जरा आ करायला सांग आणि वरचे दोन्ही आलेत का ते कळव.

तुझाच,
पेठेतला