आमच्या मुलांच्या चित्रावर पेन्सिल न टेकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठं छापायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून ते घेत नाही. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. आपल्या महिनाभराच्या चित्र-उपक्रमाच्या समारोपाच्या दिवशी मला आभार मानायला उभं केलं आणि घसा इतका दाटून आला की दोन वाक्यं कशीबशी बोलून मी बसले. बोलायचं होतं ते सगळं राहूनच गेलं.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही कोल्हापुरात बरीच दारं वाजवली होती. इलस्ट्रेटर, म्हणजे गोष्टींसाठी चित्रं काढणारे, व्हायची इच्छा असलेल्या पंधरा ते वीस वर्षांच्या मुलामुलींनी महिनाभर एकत्र चित्रं काढायची, एकमेकांची बघायची, एवढीच आमची कल्पना. एका संस्थेला हॉल द्यायचा होता, पण फलकावर पाहुण्यांचे फोटो हवे होते आणि मुलांच्या चित्रांना जिन्याखालची भिंत. एका मोठ्या चित्रकारांनी "आधी हात बसू दे, मग बघू" म्हणून फोन ठेवला. हात बसावा म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता! आणि एक प्रायोजक तर बक्षिसांसकट तयार होता. त्यांच्या अर्जात तळाला बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, आलेल्या सर्व चित्रांचे हक्क आयोजकांकडे राहतील. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं चित्र काढणाराच त्याचा पहिला मालक असतो आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. ती ओळ अर्जात कशासाठी होती, ते उघड आहे. विचारल्यावर उत्तर मिळालं, "मुलांना प्रसिद्धी मिळतेय ना?" हे आठवलं की अजून संताप होतो. मुलांची महिनाभराची मेहनत फुकट उचलायची आणि वर उपकार केल्यासारखं बोलायचं.

तुम्ही आम्हाला चहा दिलात आणि आमचं सगळं ऐकून घेतलंत. आमचा आराखडा इंकटोबरवरून घेतला होता. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकारानं स्वतःचा शाईचा हात सुधारावा म्हणून 2009 मध्ये सुरू केलेला हा उपक्रम, ऑक्टोबरचे 31 दिवस, रोज एक शब्द आणि त्यावर एक चित्र. तुम्ही आमची शब्दांची यादी वाचलीत आणि विचारलंत, "या मुलांना व्हायचंय काय?" इलस्ट्रेटर, आम्ही म्हणालो. "मग शब्द कशाला देताय? गोष्ट द्या."

त्या एका वाक्यानं उपक्रमाचं रूपच पालटलं. आमची मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देऊन आलेली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव झालेला, कितीतरी जणांना ए ग्रेड. पण दीड पानाची गोष्ट वाचून तिच्यातला नेमका कोणता क्षण काढायचा, कोणता लेखकासाठी सोडायचा, हे त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही सगळ्यांना एकच गोष्ट दिलीत. एसटी स्टँडवर मुलाची वाट बघणारी म्हातारी आणि शेवटची गाडी. बहुतेकांनी गाडी आल्याचा क्षण काढला. एका मुलीनं नुसतं बाकडं, त्यावरची पिशवी आणि पिशवीवर ठेवलेला हात काढला. शेवट चित्रातच सांगून टाकला तर वाचक गोष्ट कशाला वाचेल, हे त्यानंतर तुम्हाला समजावून सांगावं लागलं नाही.

रोज एक चित्र हेही तुम्ही मोडून काढलंत. पार्करनंही दिवसाआड किंवा आठवड्याला एक असा पर्याय ठेवलेला आहेच, पण तुमचं कारण तुमच्या कामातून आलेलं होतं. दिवाळी अंकांच्या गोष्टी पावसाळ्यात गठ्ठ्यानं यायच्या, तुम्ही त्या सगळ्या आधी वाचून काढायचात आणि हातात ब्रश त्यानंतर घ्यायचात. म्हणून आठवड्याला एक गोष्ट. पहिले दोन दिवस फक्त वाचायचं आणि आगपेटीएवढ्या चौकटींत कच्ची रेखाटनं करायची. अशा उपक्रमांत पहिल्या आठवड्यानंतर गट रिकामा व्हायला लागतो, हे आम्ही इतरत्र पाहिलंय. आमची मुलं मात्र टिकली.

एका आठवड्यात तुम्ही फक्त काळी शाई दिलीत. करडा रंग नाही, पाणी घालून पातळ केलेली शाई नाही. मुलं कुरकुरली तेव्हा तुम्ही जुन्या छपाईतल्या जस्ताच्या ठशाची, लाइन ब्लॉकची गोष्ट सांगितलीत. त्या ब्लॉकला काळं आणि कोरं एवढंच कळायचं, करडी छटा हवी तर ती रेघांच्या दाटीतून किंवा ठिपक्यांतून आणावी लागायची. करड्या छटा छापणारा हाफटोन ब्लॉक महाग आणि त्याला कागदही चांगला लागायचा. जुन्या अंकांतली रेखाटनं इतकी ठसठशीत का दिसतात, याचं उत्तर मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळालं. दलाल, मुळगावकर यांची मुखपृष्ठं मराठी घरांनी जपून ठेवली. आतल्या पानांवर वर्षानुवर्षं राबलेले तुमच्यासारखे हात किती जणांना ठाऊक आहेत?

पण हे पत्र या कशासाठीही लिहिलेलं नाही, सर. ते तुमच्या ट्रेसिंग पेपरसाठी लिहिलं आहे.

पहिल्या रविवारी तुम्ही त्या बाकडंवाल्या मुलीजवळ गेलात. पिशवीवरच्या हाताचं मनगट चुकलं होतं, ते तिलाही दिसत होतं. ती पेन्सिल पुढं करून बसली, कारण आजवर तिच्या चित्रात काही चुकलं की कुणीतरी पेन्सिल घेऊन तिच्याच कागदावर ते "ठीक" करून द्यायचं. तुम्ही रुमालाला हात पुसलेत. "बघू का?" असं तिला विचारलंत. ती हो म्हणाल्यावरच कागद उचललात. मग शबनममधून ट्रेसिंग पेपरचा तुकडा काढून तिच्या चित्रावर ठेवलात, क्लिप लावलीत आणि निळ्या पेन्सिलीनं त्या तुकड्यावर मनगट काढून दाखवलंत. मग तो तुकडा उचलून म्हणालात, "हे तुझं, हे माझं. पटलं तर घे."

मी आठवीत असताना माझ्या चित्रातला घोडा एका शिक्षकांनी खोडून स्वतः काढला होता. त्या चित्राला बक्षीस मिळालं. ते मी घरी भिंतीवर कधी लावू दिलं नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नव्हतं. तुमच्याकडे बघत असताना ते कळलं आणि मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

महिनाभर तुम्ही एकाही मुलाच्या कागदावर रेघ मारली नाहीत. त्या मुलीनं मनगट सुधारलं. पुढच्या चित्रात तुम्ही सुचवलेला कोन तिनं घेतला नाही, तेव्हा तुम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "तुझंच बरोबर आहे." पन्नास वर्षं हे काम केलेल्या माणसानं सोळा वर्षांच्या मुलीला असं म्हणणं! त्या दिवसापासून ती कागदाच्या कोपऱ्यात पूर्ण नाव लिहायला लागली.

आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर या आमच्या चित्रकारांची नावं निघाली की आम्हा कोल्हापूरकरांची छाती फुगते, आणि ते योग्यच आहे. पण शिकणाऱ्याच्या चुकीलाही मान देणारी माणसं गावात असतात, म्हणून पुढची पिढी हातात ब्रश धरते. त्यांच्या नावाचा चौक होत नाही. ती वेळेवर येतात, मागच्या खुर्चीवर बसतात, मुलांची नावं लक्षात ठेवतात आणि गाडी पाठवू का विचारलं तर चालत येतो म्हणतात. मोठेपणा याहून वेगळा असतो, असं मला तरी आता वाटत नाही.

तुम्ही परत केलेल्या मानधनातून वॉटरप्रूफ शाई, टाक आणि निबं आणली. हिशेबाचा कागद सोबत जोडला आहे. ट्रेसिंग पेपरचा नवा रोलही आणलाय, कारण आता मुलं एकमेकांची चित्रं बघतानाही तोच वर ठेवतात. बाकडंवाल्या मुलीला एका छोट्या दिवाळी अंकानं दोन गोष्टी दिल्या आहेत, पैसे ठरवून आणि नाव छापायचं लेखी कबूल करून. चित्रं देण्याआधी तिला ती तुम्हाला दाखवायची आहेत. येत्या पंधरवड्यातला एखादा रविवार सांगा, मी तिला घेऊन येते.

तुमची,
रविवारच्या गटातली ताई