पहिला हंगाम ब्लूगिलचा

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
एप्रिल अखेर

प्रिय मंदार,

न्यू जर्सीतल्या एडिसनजवळच्या तुझ्या तळ्याचा फोटो मिळाला. फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेल्या खोट्या किड्याने (‘फ्लाय’ने) मासे धरणं, शिकायला ट्राउट माशाच्या नदीवरच जावं लागतं का, असं विचारलंयस. मुळीच नाही. वाहतं पाणी लाइन (फ्लाय फेकायची जाड दोरी) ओढून नेतं आणि ट्राउट तेवढ्यानेच बिथरतो. तळ्याचं पाणी साचलेलं असतं आणि ब्लूगिल हा तळ्यातला छोटा मासा दिवसभर काही ना काही टिपत असतो. चूक झाली तरी पाच मिनिटांत पुन्हा संधी मिळते. म्हणून पहिला हंगाम ब्लूगिलवरच काढ.

रॉड ९ फुटी, ५ नंबरचा घे. हा नंबर लाइनच्या वजनाचा असतो. ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम भरतात. फ्लायला वजन जवळजवळ नसतंच. आपण फेकतो ती लाइन, आणि फ्लाय तिच्यामागून जाते. त्यामुळे रॉड आणि लाइन एकाच नंबरची हवी. लाइन तरंगणारी, ‘वेट फॉरवर्ड’ (पुढच्या भागात वजन असलेली) घे. रीलवर फार पैसे घालू नकोस, या माशांसाठी ती फक्त लाइन गुंडाळून ठेवायला लागते. पैसे लाइनवर घाल.

लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा निमुळता नायलॉन, साडेसात फुटी, टोकाची जाडी ४एक्स (हा आकडा मोठा तितका धागा बारीक). फ्लाय बदलून बदलून तो आखूड झाला की दीड-दोन फूट टिपेट (टोकाचा बारीक धागा) ‘डबल सर्जन्स’ गाठीने जोड. फ्लाय बांधायला ‘इम्प्रूव्हड क्लिंच’ पुरते: पाच वेढे, आणि आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाने नायलॉन तापतो आणि नेमका तिथेच तुटतो.

कास्टिंग आधी हिरवळीवर कर. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांध. रॉड घड्याळातल्यासारखा पुढे दहावर आणि मागे दोनवर थांबला पाहिजे, आणि मागे लाइन पूर्ण सरळ झाल्याशिवाय पुढे आणायचा नाही. मान वळवून बघत जा, त्यात कमीपणा नाही. मागे चाबकासारखा फटकारा ऐकू आला तर घाई झाली असं समज. त्या फटकाऱ्यात फ्लायही तुटून जाते. पुढे आणताना सुरुवातीलाच जोर लावलास तर लाइन स्वतःलाच ओलांडते आणि लीडरवर बारीक गाठी पडतात. लोक वाऱ्याला दोष देतात, पण बहुतेक वेळा दोष हाताचा असतो. गाठ पडलेल्या जागी लीडरची ताकद निम्म्यावर येऊ शकते, म्हणून अधूनमधून त्यावरून बोटं फिरव. तुझ्या तळ्याच्या एका काठाला झाडं दिसतात, तिथे रोल कास्ट (लाइन मागे न फेकता पुढेच लोळवत टाकणं) वापर. २५ फूट फेकता आलं तरी भरपूर. ब्लूगिल काठाजवळच असतो.

आता फ्लाय. १० नंबरच्या गळावरचा (गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो), रबरी पायांचा फोमचा कोळी, काळा आणि पिवळा. १० नंबरचाच छोटा पॉपर, म्हणजे ओढल्यावर आवाज करणारी तरंगती फ्लाय. आणि पाण्याखाली चालवायला १० नंबरचा काळा किंवा ऑलिव्ह वूली बगर, म्हणजे पिसांच्या शेपटीची बुडणारी फ्लाय. एवढ्यावर हंगाम निघेल. ब्लूगिलचं तोंड फार लहान असतं. पाण्यावर ‘पुच्’ असा आवाज येतो पण मासा लागत नाही, असं वारंवार झालं तर फ्लाय मोठी आहे, १२ नंबरवर ये. दुकानातल्या पॉपरमध्ये गळाच्या डोळ्यात रंग भरलेला असतो, तो सुईने आधीच काढ.

कोळी पाण्यावर पडला की काही करू नकोस. वर्तुळं विरेपर्यंत थांब. ब्लूगिल खालून येतो, फ्लायपासून दोन बोटांवर थांबतो, कल्ल्यांजवळचे पर हलवत एका जागी तरंगतो आणि नुसता बघत राहतो. याच वेळी हात शिवशिवतात. रबरी पाय आपोआप थरथरत असतात, तेवढं त्याला पुरतं. फारच रेंगाळला तर लाइन इंचभर ओढ. रॉडचं टोक पाण्याला टेकलेलंच ठेव. वर धरलं तर लाइनला झोळ पडतो आणि तू ओढलेलं फ्लायपर्यंत पोहोचतच नाही. माशाने फ्लाय आत घेतली की रॉड हलकेच उचल. जोराचा हिसका दिलास तर फ्लाय त्याच्या तोंडातून निघून झाडावर जाईल.

दुपारी वर काही येईनासं झालं तर पॉपरच्या गळाच्या वाकाला दीड फूट टिपेट बांधून खाली १२ नंबरची मणी लावलेली निंफ (पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखी फ्लाय) सोड. पॉपर तरंडाचं काम करतो; तो थबकला किंवा बुडाला की उचल. उन्हाळ्यात मासे खोलात गेले असतील असं वाटतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये अशा तळ्यांच्या तळाशी प्राणवायू फार कमी उरतो. मधल्या थरात, सावलीत, गवताच्या कडेला शोध. पहाट आणि संध्याकाळ उत्तम.

बास हा मोठा शिकारी मासा त्याच वेळी, म्हणजे पहाटे-संध्याकाळी, कमळपानांच्या कडेला मिळेल. ६ नंबरच्या पॉपरपर्यंत तुझा रॉड झेपेल. त्याहून मोठा हवेला अडतो आणि लीडर उलगडतच नाही. त्यासाठी पुढे कधीतरी ७ नंबरचा रॉड घे. बाससाठी टिपेट २एक्स, आणि तो लागला की रॉड न उचलता डाव्या हाताने लाइन सरळ मागे खेच. त्याचा जबडा कडक असतो, रॉडच्या लवचीकपणात सगळा जोर विरून जातो.

एका गोष्टीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. मे अखेरीस-जूनमध्ये पाणी ७० फॅरेनहाइटच्या आसपास गेलं की उथळ पाण्यात ताटलीएवढे स्वच्छ खळगे ओळीने दिसतील. ती ब्लूगिलची घरटी. मोठे नर त्यांची राखण करतात आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतात, त्यामुळे सहज सापडतात. त्यांना परत सोड. मोठे नर गेले की लहान नर वाढायचं सोडून लवकर विणीला लागतात आणि काही वर्षांत तळ्यात बोटभर मासेच उरतात. खायला हवेत तर मध्यम आकाराचे थोडेच घे. सोडायचा मासा ओल्या हाताने धर, पाठीवरचे काटे पुढून मागे दाबत. गळाच्या टोकाजवळची उलटी खोच पकडीने आधीच चेपून ठेव आणि फोर्सेप्स (लांब चिमटा) खिशात असू दे, कारण ब्लूगिल फ्लाय खोल गिळतो.

न्यू जर्सीत १६ वर्षं पूर्ण झाली की लायसन्स लागतं, आणि १५ एप्रिल ते १५ जून धरलेला बास परत सोडावाच लागतो. तळं सोसायटीचं असेल तर तिथली परवानगी वेगळी घे. टोपी आणि चष्मा घातल्याशिवाय कास्ट करू नकोस. काठचं गवत उंच दिसतंय, तेव्हा पूर्ण पँट घाल आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते नीट बघ. गोचिडीमुळे होणारा लाइमचा आजार तुमच्याकडे बराच आहे.

काळे कोळी आणि चार वूली बगर बांधून या आठवड्यात पाठवतो, तोवर हिरवळीवर हात बसव.

तुझा,
अभय