नवजात बाळांच्या अंगावरच्या वायरी कमी करा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माझ्या नोकरीची बरीच वर्षं एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात गेली, म्हणून आपल्याला थेट लिहिते आहे. दीड किलोच्या बाळाला मॉनिटर लावायचा म्हणजे छातीवर इलेक्ट्रोड, पायाला सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारा प्रोब आणि प्रत्येकाची वेगळी वायर. चिकटपट्टी काढताना कोमट पाण्याचा बोळा कितीही हळू फिरवला, तरी दिवस न भरलेल्या बाळाची कातडी कधीकधी पट्टीबरोबर सोलून येते. कांगारू केअरसाठी बाळ आईच्या छातीशी दिलं आणि प्रोब जरा सरकला की अलार्म वाजतो. आई घाबरते, बाळ परत वॉर्मरवर. अशा बाळांना दिवसाचे 8 ते 24 तास आईच्या अंगाशी ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सांगितलं आहे. या गुंत्यात ते व्हावं कसं?

अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने 2019 मध्ये यावर तोड काढली. कातडीसारखे लवचिक, सिलिकॉनचे दोन पातळ पॅच: एक छातीवर, एक पायावर. ते हृदयाचे ठोके, श्वास, तापमान आणि सॅच्युरेशन बिनवायरचं कळवतात. पहिल्या पॅचला बॅटरीच नव्हती, गादीखालच्या अँटेनातून वीज मिळे. त्यामुळे बाळ फार दूर नेता येत नसे. 2020 मध्ये छोटी बॅटरी जोडता येईल असे पॅच आले आणि बाळ आईच्या कुशीत असतानाही नोंदी घेता येऊ लागल्या.

पण तयार माल आणून वाटू नका, ही विनंती. सॅच्युरेशन प्रकाशावर मोजतात आणि त्यात कातडीचा रंग आडवा येतो. 2020 मधल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असल्याचं गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा आढळलं. आपल्या सावळ्या बाळांवर पॅच पडताळल्याशिवाय त्याच्या भरवशावर कुणाला सोडायचं?

म्हणून आधी नंदुरबार किंवा गडचिरोलीत रीतसर चाचणी घ्या. सध्याचा मॉनिटर शेजारी चालू ठेवून आकडे ताडून पाहा. मे महिन्याच्या घामात पॅच टिकतो का, लाइट गेल्यावर काय होतं, हेही बघा. आयआयटी मुंबईसारख्या संस्थेला इथे परवडेल असा पॅच बनवायला सांगा. बाळाची माहिती पालकांच्या संमतीशिवाय रुग्णालयाबाहेर जाता कामा नये.

आणि यासाठी समिती नेमाल, तर तिच्यात रात्रपाळी केलेली एक तरी सिस्टर घ्या.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका